सिस्टीम आत जाते कुठून?

फ्लॉपी डिस्क माणसांच्या फायली ठेवायला जन्माला आली नव्हती. आयबीएमने १९७१ मध्ये ती वापरात आणली तेव्हा ती आठ इंची होती, तिच्यात जेमतेम ८० किलोबाइट मावत आणि यंत्र ती फक्त वाचू शकत असे. सिस्टीम/३७० मालिकेतल्या संगणकांच्या काही भागांत वीज गेली की मूलभूत सूचना पुसल्या जात. त्या पुन्हा भरणं एवढंच तिचं काम. सूचनांत सुधारणा झाली की नवी प्रत ठिकठिकाणच्या ग्राहकांना धाडायची होती, म्हणून ती स्वस्त, हलकी आणि टपालाने जाईल अशी केली. पत्रं, हिशेब आणि प्रबंध लोकांनी तिच्यावर नंतर ठेवले. पहिल्या दिवशी ती होती ती यंत्राला शुद्धीवर आणणारी चकती.

हे आज आठवण्याचं कारण दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात पाहायला मिळतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या बसस्टँडसमोरचं झेरॉक्स आणि मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या' असं म्हणत लोक लॅपटॉप काउंटरवर ठेवतात. यंत्र आठ-दहा वर्षांचं असेल तर कडेला डीव्हीडी ड्राइव्ह असतो, पण त्याची लेन्स गेलेली असते. ट्रे बाहेर येतो, डिस्क फिरते, घरघर होते आणि काहीही वाचलं जात नाही. यंत्र नवं असेल तर ड्राइव्हच नसतो. घेताना पेटीतून ऑपरेटिंग सिस्टीमची डिस्क आलेली नसते, पेनड्राइव्हही नसतो. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढी एक ओळ असते आणि मालकाच्या हातात काहीच नसतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला, त्यामुळे धडधाकट पण जुन्या लॅपटॉपांवर नवी सिस्टीम टाकण्याची गरज आणखी वाढली आहे.

या प्रश्नाकडे आपण तांत्रिक किरकीर म्हणून पाहतो. माझ्या मते तो मालकीचा प्रश्न आहे. गेल्या पन्नास वर्षांत सिस्टीम यंत्रात शिरण्याची वाट अनेकदा बदलली, आणि बहुतेक वेळा ती बदलायलाच हवी होती. पण वाट बदलताना, विशेषतः गेल्या वीसेक वर्षांत, सिस्टीमची प्रतही ग्राहकाच्या हातातून निसटली. ड्राइव्ह गेला याचं मला दुःख नाही. प्रत गेली याचं आहे.

सुरुवातीला वाट म्हणजे माणसाची बोटं होती. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० ला ना कळफलक होता ना पडदा. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून पहिल्या काही सूचना एकेक करून भरायच्या, मग त्या सूचनांच्या जोरावर कागदी फितीवरचा पुढचा प्रोग्रॅम आत ओढायचा. मोठ्या यंत्रांची तऱ्हाही फार वेगळी नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये सुरू केलेल्या टिफ्रॅकवरही प्रोग्रॅम जात ते भोकं पाडलेल्या कागदी फितीवरूनच. ती फीत चालवणाऱ्याच्या हातात असे, फाटली तर तोच नवी पाडत असे. यंत्र बंद पडलं तरी ते पुन्हा उभं करण्याचं साहित्य खोलीतच असायचं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हाही हे बदललं नव्हतं. डॉसची पहिली आवृत्ती १६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीत मावत होती. फ्लॉपी घालायची, यंत्र सुरू करायचं. फ्लॉपी ड्राइव्ह घेतला नसेल तर यंत्राच्या कायमच्या चिपमध्ये बसवलेलं बेसिक समोर येई. म्हणजे ड्राइव्ह नसला तरी यंत्र अगदीच मुकं नव्हतं. तोशिबाने १९८७ च्या टी१००० या लॅपटॉपमध्ये तर डॉसच चिपमध्ये बसवलं. ते पुसलं जात नसे, टाकावंही लागत नसे. पण सिस्टीम वाढत गेली तशी ती चिपमध्ये मावेना, आणि हार्ड डिस्क हे तिचं घर झालं. आज आपण पहिल्या हार्ड डिस्कला 'सी ड्राइव्ह' म्हणतो कारण ए आणि बी ही अक्षरं दोन फ्लॉपी ड्राइव्हना दिलेली होती. ते दोन्ही ड्राइव्ह गेले, अक्षरं अजून त्यांच्यासाठी राखून ठेवलेली आहेत.

२४ ऑगस्ट १९९५ ला आलेली विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतली तर १३ फ्लॉप्या मिळत. त्या क्रमाने घालत बसायचं. अकरावी खराब निघाली तर आधीच्या दहा फुकट जात. सीडीत साडेसहाशे मेगाबाइट मावत होते, त्यामुळे सीडी येणं ही सुटकाच होती. तरीही एक अडचण उरली, आणि पुढे हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. सीडीवरून थेट यंत्र सुरू करायची सोयच त्या वेळच्या पीसींना नव्हती. फिनिक्स आणि आयबीएम यांनी जानेवारी १९९५ मध्ये 'एल टोरिटो' नावाचं त्याचं मानक प्रसिद्ध केलं, पण ते घराघरांतल्या यंत्रांत पोचायला काही वर्षं गेली. तोवर विंडोजची सीडी हातात असूनही आधी एक बूट फ्लॉपी घालावी लागे, तिच्यावरून सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर चढवावा लागे, आणि मगच सीडी दिसे. नव्या वाटेने जायला जुन्या वाटेचा परवाना लागत होता.

ज्या लॅपटॉपांना फ्लॉपी ड्राइव्हच नव्हता किंवा असून चालत नव्हता, त्यांचं काय होई? दुकानांतल्या कारागिरांनी तेव्हा शोधलेला मार्ग सांगण्यासारखा आहे. लॅपटॉपच्या पोटातली अडीच इंची हार्ड डिस्क काढायची. एका छोट्या ॲडॉप्टरने ती डेस्कटॉपला जोडायची. तिच्यावर डॉसच्या मोजक्या फायली आणि विंडोजच्या सीडीतला 'आय ३८६' हा अख्खा फोल्डर उतरवायचा. डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवायची, डॉसवरून यंत्र सुरू करायचं आणि त्या फोल्डरमधली इन्स्टॉलची फाइल चालवायची. त्याआधी 'स्मार्टड्राइव्ह' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायला मात्र विसरायचं नाही. तो नसला तर अर्ध्या तासाचं फाइल उतरवण्याचं काम कित्येक तास रेंगाळत असे. हे ज्ञान त्या काळी तरी फारसं कुठल्या क्लासात मिळत नव्हतं. ते एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, एका पोऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलं. आपल्याकडच्या संगणक-प्रसाराचा इतिहास कुणी लिहिला तर या बाकांना त्यात पूर्ण प्रकरण द्यावं लागेल.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. सीडीवरून यंत्र सुरू करणं तोवर सर्रास झालं होतं, तरीही ज्यांच्या यंत्राला ते जमत नव्हतं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने सहा बूट फ्लॉप्यांचा संच उपलब्ध ठेवला. खरी कोंडी पुढे झाली. लॅपटॉपांत साटा पद्धतीच्या हार्ड डिस्क आल्या. एक्सपीच्या सीडीत त्यांचा ड्रायव्हर नव्हता. इन्स्टॉल सुरू होताना निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षण एक सूचना येई: जादा ड्रायव्हर असेल तर एफ६ दाबा. दाबलं की यंत्र तो ड्रायव्हर ए ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवरच मागत असे. फ्लॉपी ड्राइव्ह तोवर लॅपटॉपांतून जवळपास नाहीसे झाले होते. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या आयडीई रूपात बसवायचं, नाहीतर सीडीची फोड करून तिच्यात ड्रायव्हर घालून नवी सीडी जाळायची. आज डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवरून जे चाललं आहे, तेच तेव्हा फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवरून चाललं होतं.

मराठी माणसाच्या दृष्टीने त्या काळातली दुसरी एक गोष्ट जास्त लागट होती. एक्सपीत देवनागरी होती, पण सुरुवातीला झोपलेली होती. कंट्रोल पॅनलमध्ये 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडायचं, 'लँग्वेजेस'च्या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात खूण करायची, ओके दाबायचं. लगेच यंत्र म्हणे: विंडोजची सीडी घाला. सीडी नाही, किंवा ड्राइव्ह वाचत नाही, तर देवनागरी नाही. मग मराठी मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, हलन्त उघडे पडलेले, जोडाक्षरांचे तुकडे. इंग्रजी लिहिणाऱ्याला सीडी एकदाच लागत होती, आपल्याला ती पुन्हा लागत होती. ज्यांना माहीत होतं ते 'आय ३८६' फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवत, म्हणजे यंत्राला त्याचा पत्ता देता येई. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी 'आमच्या कॉम्प्युटरवर मराठी चालत नाही' असा निष्कर्ष काढला आणि रोमन लिपीत मराठी लिहायला लागले. इंटरनेटवरच्या मराठीची सुरुवातीची वर्षं अशी एका चकतीवर अडली होती. २००७ च्या व्हिस्टापासून देवनागरी मुळातच सुरू असलेली येऊ लागली, तेव्हा ही अडचण संपली.

छपाईच्या दुनियेत मात्र ती अजून आहे. श्री-लिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठीची हजारो पानं जुळवली गेली. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. त्या उघडायला तेच फॉन्ट आणि तेच सॉफ्टवेअर लागतं. अनेक डीटीपी करणाऱ्यांकडे ते सीडीवर आहे, काहींकडे सोबत यूएसबीला लावायचं कुलूपही आहे. लॅपटॉप फॉरमॅट केला, विंडोज पेनड्राइव्हवरून टाकली, आता ती सीडी वाचायची कशावर? अशा माणसाने यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा, आणि पहिलं काम म्हणून ड्रॉवरमधली प्रत्येक सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. सीडीवरचा थरही कायमचा टिकत नाही.

आता प्रत कशी गेली ते पाहू. साधारण २००० नंतर लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पेटीतली विंडोजची सीडी हळूहळू बंद केली आणि हार्ड डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात तिची नक्कल ठेवली. रिकव्हरी पार्टिशन ते हेच. चालू होताना ठरावीक कळ दाबली की यंत्र पहिल्या दिवसासारखं होणार, असं त्याचं वर्णन. सोय खरीच होती. फक्त तिची मुळातली गोम अशी की सर्वांत जास्त गरज पडते ती डिस्क गेल्यावर, आणि डिस्क गेली की ही प्रतही तिच्याबरोबर जाते. कंपन्या सांगत की पहिल्या आठवड्यात स्वतः डीव्हीडी जाळून घ्या. किती घरांत त्या जाळल्या गेल्या? आणि जिथे जाळल्या गेल्या तिथे त्या आज कोणत्या ड्राइव्हमध्ये वाचायच्या? या निर्णयाने निर्मात्याचे प्रत्येक पेटीमागे थोडे पैसे वाचले आणि ग्राहकावर पुढचा सगळा भार पडला. तो निर्णय चुकीचा होता, असं मी आजही म्हणेन.

ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या असूसच्या ई-पीसीने स्वस्त छोट्या लॅपटॉपांची लाट आणली. त्याला डिस्क ड्राइव्ह नव्हता, तरी पेटीत आधाराची एक डीव्हीडी होती. ती वापरायला दुसरा संगणक शोधायचा. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आणला. त्याच्याबरोबरही डिस्क आल्या आणि शेजारच्या संगणकाचा ड्राइव्ह नेटवर्कवरून वापरण्याची सोय दिली. २०१० च्या शेवटी आलेल्या एअरबरोबर ॲपलने एक छोटा पेनड्राइव्ह दिला, त्यावर पूर्ण सिस्टीम होती. ड्राइव्ह नसलेल्या यंत्रासाठी याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. पण जुलै २०११ मध्ये मॅकची 'लायन' ही आवृत्ती आली ती ऑनलाइन विक्रीने, आणि त्या वर्षीच्या यंत्रांपासून सिस्टीम इंटरनेटवरून उतरवून घेण्याची पद्धत सुरू झाली. तीन-साडेतीन वर्षांत प्रत डिस्कवरून पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवरून कंपनीच्या सर्व्हरवर गेली.

सर्व्हरवरची प्रत ही आपली प्रत नसते, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये ठळक झालं. ॲपलच्या जुन्या इन्स्टॉलरांवरच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. लोकांनी काळजीने जपून ठेवलेल्या फायली त्या दिवसापासून इन्स्टॉल होईनात. ॲपलने नव्या मुदतीच्या प्रती उपलब्ध केल्या आणि त्या पुन्हा उतरवून घ्याव्या लागल्या. फायलीत एका अक्षराचाही बिघाड झाला नव्हता.

यूएसबी ही मात्र खरोखर लोकांच्या बाजूची वाट ठरली. तिचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमध्ये ते घडवणाऱ्या गटातले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. २००० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हांपैकी एकाची क्षमता ८ मेगाबाइट होती. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिची प्रत पेनड्राइव्हवर चढवण्याचं साधन स्वतः दिलं. त्यात जीपीएल परवान्याखालचा कोड त्याच्या अटी न पाळता वापरला गेल्याचं उघड झालं, तेव्हा कंपनीने ते मागे घेतलं आणि डिसेंबरमध्ये सोर्स कोडसह पुन्हा दिलं. ज्यांच्या कोडवर हे उभं राहिलं त्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी पेनड्राइव्हची वाट आधीच रुळवली होती. युनेटबूटिन २००७ पासून होतं, २०११ मध्ये रूफस आलं. उबुंटूच्या सीडी तर २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने फुकट घरपोच येत होत्या. भारतातल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हातात आलेली पहिली पूर्ण कायदेशीर सिस्टीम ती होती.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांना हार्ड डिस्क नव्हती, डिस्क ड्राइव्ह नव्हता. सिस्टीम बिघडली तर पेनड्राइव्ह लावायचा, पडद्याच्या उजवीकडची खेळाची चारही बटणं दाबून धरायची आणि यंत्र सुरू करायचं; सिस्टीम नव्याने चढत असे. हे मुलाला किंवा गुरुजींना करता यावं, अशाच हिशेबाने ते बनवलेलं होतं. त्या प्रकल्पावर टीका पुष्कळ झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. पण पुन्हा सिस्टीम टाकणं हा वापरणाऱ्याचा साधा अधिकार आहे, हे त्याच्या रचनेत गृहीत धरलेलं होतं. पुढच्या महागड्या लॅपटॉपांत ही वृत्ती क्वचितच दिसली.

पेनड्राइव्हची वाटही सरळ राहिली नाही. २०१५-१६ च्या सुमारास अनेक नव्या यंत्रांवर लोक विंडोज ७ टाकू पाहत होते. त्यांचे यूएसबी पोर्ट नव्या पद्धतीचे, आणि विंडोज ७ च्या प्रतीत त्यांचा ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू होई, पहिला पडदा येई, आणि त्याच क्षणी यूएसबीचा माऊस व कळफलक मरत. पडद्यावर मजकूर येई की सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही, तो असलेली फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी किंवा यूएसबी ड्राइव्ह घाला. ज्या यंत्राला डीव्हीडी ड्राइव्ह कधी नव्हताच त्याच्यावर हा संदेश येत होता, आणि त्यात फ्लॉपीचंही नाव होतं. माणूस डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे लागे, दोष असायचा यूएसबीत.

आताची अडचण त्याच घराण्यातली आहे. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांवर विंडोज टाकताना सगळं नीट चालतं, आणि 'विंडोज कुठे टाकायची' या पानावर एकही डिस्क दिसत नाही. नवखा माणूस घाबरतो, एसएसडी गेली असं समजतो. काही ठिकाणी त्याला नवी एसएसडी विकलीही जाते. एसएसडी ठणठणीत असते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे ती असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून 'रॅपिड स्टोअरेज'चा ड्रायव्हर उतरवायचा, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवायचा, त्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवायचा; डिस्क लगेच दिसते. एफ६ आणि फ्लॉपीचाच हा नवा अवतार. एवढ्या माहितीने ज्याचे चार-पाच हजार रुपये वाचतात, त्याला ती विकत घेताना का मिळू नये?

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने आणखी दोन गाठी घातल्या. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा अशी यंत्राची सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि फॅट३२ वर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजची मुख्य फाइल त्याहून मोठी होऊ शकते, म्हणून नुसत्या फायली ओढून टाकून काम होत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस लागतं. दुसरी गाठ २०१२ पासूनच्या सिक्युअर बूटची. विश्वासार्ह सहीशिवाय यंत्र सुरू होऊ द्यायचं नाही, हा हेतू चांगला आहे. पण सही कोणाची मान्य, हे बहुतांश यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांवर ठरतं, आणि २०११ सालच्या त्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. ती अद्ययावत होतील की नाही हे निर्मात्याच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या अपडेटवर अवलंबून. इथेही वापरणाऱ्याला विचारलेलं नाही.

सगळं आता क्लाउडवर आहे, पेनड्राइव्ह कशाला, असं म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यंत्र सुरूच होत नव्हतं, त्यामुळे नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोचता येईना. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं साधन दिलं, आणि जगभरचे तंत्रज्ञ एकेका यंत्राजवळ जाऊन दुरुस्ती करू लागले. ज्यांच्याकडे डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवलेली नव्हती ते तिथेही अडले.

मोझर बेअर या भारतीय कंपनीची कथा या सगळ्याला समांतर जाते. १९८० च्या दशकात तिने फ्लॉप्या बनवायला घेतल्या, १९९९ मध्ये ती लिहिता येणाऱ्या सीडींकडे वळली आणि अशा चकत्या बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. पुढे पेनड्राइव्हही विकले. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. माध्यमं अशीच जाणार, उद्या पेनड्राइव्हही जाईल. म्हणून आग्रह माध्यमाचा धरू नये, प्रतीचा धरावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती म्हटलं की आपण स्क्रीन, बॅटरी आणि स्क्रू मोजतो. सिस्टीम पुन्हा टाकता येणं हीसुद्धा दुरुस्ती आहे, आणि ती त्या चौकटीत नावानिशी यावी. लॅपटॉप विकणाऱ्याने त्या मॉडेलसाठीची पूर्ण सिस्टीम आणि सगळे ड्रायव्हर, खातं उघडायला न लावता, किमान दहा वर्षं उतरवून घेता येतील असे ठेवावेत. ज्याला घरी इंटरनेट नाही त्याला खर्चाइतक्या किमतीत पेनड्राइव्ह द्यावा. बूट मेन्यूची कळ कोणती आणि डिस्क दिसली नाही तर कोणता ड्रायव्हर लागतो, हे पेटीतल्या छापील कागदावर मराठीतही असावं. एमएस-सीआयटीसारख्या गावोगाव पोचलेल्या अभ्यासक्रमात पेनड्राइव्ह बूटेबल करणं प्रत्येक विद्यार्थ्याकडून हाताने करून घ्यावं. 'विथ डॉस' म्हणून स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधली चोरीची विंडोज टाकून घेणाऱ्यांचा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्या प्रतीत आणखी काय काय भरलं आहे हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विंडोज परवडत नसेल तर लिनक्स आहे, ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्यात मराठी उत्तम चालते. विंडोज ११ ज्याला नाकारते असा जुना लॅपटॉप त्यावर आणखी काही वर्षं सहज चालेल.

सरकार आणि कंपन्या हलतील तेव्हा हलतील. तुमचा लॅपटॉप आज नीट चालतो आहे तोवर एवढं करून ठेवा. किमान ८ गिगाबाइटचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरूनच साधन उतरवून तो बूटेबल करा. निर्मात्याच्या पानावरून तुमच्या मॉडेलचे स्टोअरेज आणि वायफायचे ड्रायव्हर घेऊन त्याच्यावर ठेवा. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. मग लॅपटॉप बंद करून, बूट मेन्यूची कळ दाबत, त्या पेनड्राइव्हवरून एकदा सुरू करून पाहा. भाषा निवडण्याचा पहिला पडदा दिसला की काहीही इन्स्टॉल न करता तिथूनच बंद करा आणि पेनड्राइव्हवर मॉडेलचं नाव आणि तारीख चिकटवा.